३४ वरची खाच

फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज मी टाकला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. काकांनी टाकला. मी फक्त स्टेटसला माझ्या प्रोजेक्टमधल्या एका ताऱ्याचा ग्राफ ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं 'नवीन लाइन सापडली बहुतेक', त्यातलं 'बहुतेक' गाळून काकांनी केलं 'सोलापूरच्या पोराने नवा तारा शोधला', पुढं हात जोडलेले तीन इमोजी, आणि दोन तासांत बार्शीच्या मावशीपासून पुण्याच्या आतेभावापर्यंत सगळ्यांचे फोन. आईने पेढे आणले. ती लाइन म्हणजे काय, कशी सापडली आणि चार दिवसांत कशी हातातून गेली ते एकदा सगळं लिहून टाकतो, कारण भेटेल तो अजून विचारतोय आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसलाय.

एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट कंपल्सरी. आमच्याकडे बहुतेक पोरं थिन फिल्म घेतात, लॅब तयार असते, सीनियरांचे जुने रिपोर्ट असतात, फार डोकं लावावं लागत नाही. मी त्याच्या आदल्या वर्षी पुण्याला आयुकात (खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र) डेटा अ‍ॅनालिसिसच्या एका शिबिराला गेलो होतो, हुतात्मा एक्सप्रेसने, आणि तिथं कळलं की आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाचा डेटा ठरावीक मुदत संपली की सगळ्यांना फुकट उघडा होतो. म्हणजे दुर्बीण नको, लॅब नको, लॅपटॉप आणि रात्रीचं इंटरनेट असलं की झालं. गाइड मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या घे, पण मध्येच सोडून थिन फिल्मकडे पळायचं नाही. हे गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत. मे महिन्यात रिपोर्ट द्यायचा होता.

तारा निवडला सेंटॉरस एक्स-३. आपल्याकडे ज्याला नरतुरंग म्हणतात त्या तारकासमूहातला. तारा कसला, जोडी आहे ती. एक सूर्याच्या साधारण वीसपट वजनाचा तापलेला निळा तारा आणि त्याच्याभोवती २.१ दिवसांत एक फेरी मारणारा न्यूट्रॉन तारा. हा दुसरा म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा, सोलापूर स्टेशनवर ठेवला तर मोहोळच्या अलीकडेच संपेल, पण वजन सूर्यापेक्षा कमी नाही. मोठ्याचा गॅस सुटून या छोट्याकडे ओढला जातो आणि पडता पडता त्याचा वेग प्रकाशाच्या निम्म्याच्या वर जातो. मी वहीत गणित करून बघितलं, १ ग्रॅम पदार्थ तिथं पडला की साधारण साडेचार किलोटन टीएनटीएवढी ऊर्जा सुटते. हिरोशिमाचा बॉम्ब १५ किलोटनचा धरला तर साडेतीन ग्रॅम, म्हणजे आमच्या शेंगाचटणीचा एक छोटा चमचा. सूर्य हायड्रोजन जाळून एका ग्रॅममधून जेवढं काढतो त्याच्या जवळपास ३० पट हे नुसतं पडण्यातून मिळतं. आणि तिथं चमचा नाही, दर सेकंदाला हजारो कोटी टन पडतं.

पण तो गॅस हवा तिथं पडत नाही, खरी गंमत इथंच आहे. न्यूट्रॉन ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र १० चा १२ वा घात गॉस, पृथ्वीचं अर्धा गॉससुद्धा धड नसतं, दवाखान्यातलं दीड टेस्लाचं एमआरआय मशीन १५ हजार गॉसचं. तर ताऱ्यापासून काही हजार किलोमीटरवरच हे क्षेत्र गॅसला अडवतं, आणि तिथून पुढं गॅसची मर्जी चालत नाही, चुंबकीय रेषा धरून दोन ध्रुवांकडेच जावं लागतं. एवढा सगळा माल उतरतो तो एखाद्या चौरस किलोमीटरच्या ठिपक्यावर. तापमान कोट्यवधी अंश, म्हणून उजेड निघतो तो एक्स-रेमध्ये. त्यातही हे किरण सरळ बाहेर येत नाहीत, वरून कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर आपटत आपटत येतात आणि प्रत्येक धडकेत थोडी ऊर्जा कमावतात, समोरून येणाऱ्या ट्रकवर चेंडू आपटला की कसा दुप्पट जोराने परत येतो तसं. माल फारच पडायला लागला तर या किरणांचाच दाब गॅसला वरच्या वर अडवतो, ध्रुवावर तापलेल्या गॅसचा खांब उभा राहतो आणि उजेड वरून न निघता बाजूंनी निघतो. आणि फिरण्याचा अक्ष नि चुंबकीय अक्ष एका रेषेत नसल्यामुळे आपल्याला तो झोत दर फेरीला येतो-जातो असा दिसतो. सेंटॉरस एक्स-३ ची एक फेरी ४.८ सेकंदांची. झोपलेल्या माणसाचा श्वास साधारण तेवढाच असतो, उन्हाळ्यात गच्चीवर आप्पांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलं की त्यांचं घोरणं आणि तो पल्सार (असा झोत मारत फिरणाऱ्या ताऱ्याला पल्सार म्हणतात) जवळजवळ जुळायचे.

आता कामाचं. पहिला महिना नुसता सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी हीसॉफ्ट (एक्स-रे डेटा वाचायचं सॉफ्टवेअर) सोर्सपासून कंपाइल केलंय त्यांना माहितीय आणि ज्यांनी नाही केलं त्यांनी सुखी राहावं. दोनदा अर्ध्यात लाइट गेली. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, खाली ओल्या टॉवेलची घडी ठेवून बसायचो (टॉवेल घरचेच, आप्पांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार माग आहेत).

डेटा बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्राच्या पोर्टलवरून घेतला. अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून गेलं, ६५० किलोमीटरवरून फिरतं. त्यातलं मी वापरलं ते लॅक्सपीसी, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेलं, ३ ते ८० केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे किरणाची ऊर्जा मोजायचं एकक) पट्ट्यातले एक्स-रे मोजणारं. आपल्या छातीचा एक्स-रे काढतात तो साधारण याच पट्ट्यातला. आता लॅक्सपीसी म्हणजे कॅमेरा नाही. गॅस भरलेला डबा आहे, झेनॉन आणि थोडा मिथेन, वरून एक्स-रे आत आला की गॅसमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात, त्यावरून कळतं किती वाजता आला, १० मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने, आणि अंदाजे किती ऊर्जेचा. बास. फोटो निघत नाही. हे घरी कुणालाच पटत नव्हतं. काका म्हणायचे, "एवढा उपग्रह सोडला आणि फोटो नाही?" डब्यात झेनॉन आहे हे मी तेव्हा रिपोर्टच्या पहिल्या चॅप्टरमध्ये लिहून मोकळा झालो होतो, पुढं तेच अंगावर येणार हे माहीत नव्हतं.

पहिल्यांदा लाइट कर्व्ह काढला, म्हणजे वेळेप्रमाणे किती किरण आले त्याचा आलेख, तर तो तुकड्या-तुकड्यांत. उपग्रह दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला फेरी मारतो, त्यात काही वेळ पृथ्वीच आड येते, काही वेळ दक्षिण अटलांटिकवरच्या रेडिएशनच्या पट्ट्यात डिटेक्टर बंद ठेवावा लागतो. मला वाटलं फाइलच करप्ट आहे, परत सगळं डाउनलोड केलं, दोन रात्री गेल्या. मग पॉवर स्पेक्ट्रम काढला, म्हणजे उजेड सेकंदाला किती वेळा कमी-जास्त होतो त्याचा आलेख. ०.२०८ हर्ट्झला एक सुळका आणि त्याच्या दुप्पट जागी दुसरा लहान. आता १ भागिले ०.२०८ करून बघा. रात्रीचे दोन वाजले होते आणि सगळ्या सोलापुरात त्या क्षणी नरतुरंगातल्या त्या गोळ्याची फेरी मोजणारा मी एकटाच जागा होतो. खाली आई पाणी भरायला उठली होती, नळ पाच दिवसांनी आला होता, तिला ओरडून सांगितलं तर म्हणाली, "बरं, आता खाली ये आणि बॅरल धर."

मग थोडा मार खाल्ला. डेटाचे दोन भाग केले आणि दोन्हींचा पिरियड वेगळा काढला तर काही मिलीसेकंदांचा फरक. मला वाटलं तारा फिरायचा थांबतोय. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अरे तो सेकंदाला चारशे किलोमीटरने कधी आपल्याकडे येतो, कधी लांब जातो. इंजिनाच्या शिट्टीचं काय होतं स्टेशनात?" डॉप्लर. साडेसहा-सात मिलीसेकंदांनी पिरियड वर-खाली होतोच होतो, फक्त कक्षेमुळे. १९७० च्या डिसेंबरमध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या उहुरू उपग्रहाच्या टीमने हाच तारा बघताना हेच पाहिलं होतं आणि त्यावरूनच कळलं की हा एकटा नाही, जोडीदार आहे. (उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी उडालं म्हणून. त्या टीमचे प्रमुख रिकार्डो जाकोनी, त्यांना २००२ चं नोबेल.) मग आधी पृथ्वीच्या फिरण्याची दुरुस्ती, नंतर त्याच्या कक्षेची दुरुस्ती, आणि दोन्ही भाग जुळले. उहुरूच्या वेळी तो ४.८४ सेकंदांना फिरत होता, आता ४.८० च्या आसपास. पडणारा माल त्याला फिरवतोय, भोवऱ्याला बाहेरून टपली मारत राहिल्यासारखं.

एप्रिल. ऊन ४२ च्या पुढं. आता स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण. एक्सस्पेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये डेटा टाकायचा, मॉडेल टाकायचं आणि दोघांतला फरक बघत बसायचं. मॉडेल म्हणजे आपली समजूत, मधल्या वायूने खाल्लेले किरण, धडका खाऊन कमावलेल्या ऊर्जेचा उतरता आलेख, ६.४ केईव्हीला लोखंडाची रेघ, आणि सायक्लोट्रॉन लाइन. ही शेवटची म्हणजे आख्ख्या प्रोजेक्टचा जीव. इतक्या जबर चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनला हवं तेवढ्या ऊर्जेने गोल फिरता येत नाही, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठरलेल्या ऊर्जा असतात, आणि एका पायरीएवढी ऊर्जा असलेला किरण आला की इलेक्ट्रॉन त्याला अडवतो. म्हणजे स्पेक्ट्रममध्ये तेवढ्या जागी खाच पडते. खाच कुठं आहे ते बघा, ११.६ ने भागा, गुरुत्वामुळे किरण थोडा थकून येतो म्हणून १.३ ने गुणा, झालं, ताऱ्याच्या ध्रुवावरचं चुंबकीय क्षेत्र सोलापुरात बसून मोजलं. हे पहिल्यांदा हर्क्युलीस एक्स-१ मध्ये बलूनवरच्या डिटेक्टरने १९७६ मध्ये सापडलं. सेंटॉरस एक्स-३ मध्ये ही खाच २८-३० च्या आसपास आहे हे आधीच माहिती आहे, माझ्याकडेही २८ ला आली. क्षेत्र ३ गुणिले १० चा १२ वा घात गॉस. इथं थांबलो असतो तर पेढे वाचले असते.

पण ३४ ला अजून एक बारीक खाच उरत होती. मॉडेल काहीही करा, ३४ ला डेटा खाली. मग मी तिथं दुसरी लाइन टाकली, आणि काय सांगू, रिड्यूस्ड काय-स्क्वेअर (मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणारा आकडा, १ च्या जवळ तेवढा चांगला) १.४ वरून १.०५ वर आला. ज्यांनी फिटिंग केलंय त्यांना तो आकडा बघून काय होतं ते माहितीय. मी रात्रीच स्क्रीनशॉट काढला, स्टेटस टाकलं, पुढचं महाभारत वर लिहिलंय.

मॅडमनी ग्राफ बघितला, चष्मा वर केला आणि चारच प्रश्न विचारले. "२८ ची दुप्पट किती?" म्हटलं ५६. "मग दुसरी पायरी ५६ च्या आसपास हवी, ३४ कुठून आली?" मी म्हटलं दुसऱ्या ध्रुवाचं क्षेत्र वेगळं असेल, हे मी रात्री वाचून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "असू शकतं. विड्थ किती आली?" म्हटलं ०.९. "लॅक्सपीसीचं रेझोल्यूशन तिथं किती?" मी गप्प. १० ते १५ टक्के, म्हणजे चारएक केईव्ही, त्याहून बारीक काही या डिटेक्टरला नीट दिसतच नाही, हे माझ्याच पहिल्या चॅप्टरमध्ये होतं. खरी सायक्लोट्रॉन लाइन कशी ऐसपैस असते, माझी २८ वाली पाच केईव्ही रुंद होती, आणि ही सुईसारखी. त्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "फेजप्रमाणे तुकडे कर. आणि क्रॅब बघ."

फेजचे तुकडे म्हणजे ताऱ्याच्या एका फेरीचे आठ भाग करायचे आणि प्रत्येकाचा स्पेक्ट्रम वेगळा काढायचा. ताऱ्याकडे आपण वेगवेगळ्या कोनातून बघतो तेव्हा खाचेची जागा हलायला हवी. २८ वाली हलत होती, कुठं ३० च्या वर, कुठं खाली. ३४ वाली आठही भागांत खिळा ठोकल्यासारखी. इथंच पोटात गोळा आला, पण मन मानत नव्हतं. आणि क्रॅब कशाला बघायचा तेच कळेना. क्रॅब म्हणजे १०५४ साली चिनी लोकांनी दिवसाढवळ्या पाहिलेल्या स्फोटाचा तेजोमेघ, त्याचा माझ्या ताऱ्याशी काय संबंध.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचा डबा घेऊन मागावर गेलो. आत पाऊल टाकलं की त्या खटखटीत बोलणं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांनी. आप्पा दोन नंबरच्या मागासमोर उभे, हातात एक निळा टॉवेल, खांद्यावर एक गुलाबी. दोन्ही उजेडात धरले. काठापासून चार बोटांवर दोन्हींत एकसारखी उभी रेघ, बघणाऱ्यालाच दिसेल अशी बारीक. त्यांनी माग थांबवला, फणीवरून (हिच्या दातांतून उभं सूत जातं) अंगठा फिरवत नेला आणि एका जागी थांबले. दात वाकला होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "निळ्यात दिसली तेव्हा वाटलं सूत खराब आलं. बिम बदललं, गुलाबी लावलं, तरी तिथंच. मग सुताला कशाला शिव्या द्यायच्या?" आणि मग माझ्याकडे बघून, "तुझं काय करलालास बे, तोंड का असं?"

मी काही सांगितलं नाही. डबा ठेवला आणि घरी येऊन क्रॅबचा डेटा लावला डाउनलोडला.

क्रॅबचा स्पेक्ट्रम एकदम साधा, सरळ उतरता, त्यात ३४ ला काही असायचं कारणच नाही. माझा तोच डिटेक्टर, तीच सेटिंग. पहाटे फिट झाला. ३४ ला खाच. जवळजवळ तेवढीच खोल. मग सेंटॉरसच्या स्पेक्ट्रमला क्रॅबच्या स्पेक्ट्रमने भागलं, म्हणजे डिटेक्टरचे सगळे दोष वर-खाली कटतात, आणि ३४ ची खाच गेली. साफ. २८ वाली राहिली, उलट अजून ठसठशीत झाली.

कारण तर नाकासमोरच होतं. डब्यात झेनॉन. झेनॉनच्या अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन सोडवायला ३४.६ केईव्ही लागतात. त्याच्या खालचे किरण आणि वरचे किरण झेनॉन वेगळ्या तऱ्हेने शोषतो, वर गेलं की शोषण एकदम उडी मारतं, आणि शिवाय अणूमधून साधारण ३० केईव्हीचा दुसरा किरण सुटून शेजारच्या कप्प्यात जातो, त्याचा हिशोब वेगळा. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये घातलेलं असतं पण अगदी केसभर इकडेतिकडे राहतंच, आणि काठ तीव्र असल्यामुळे तेवढ्यानेसुद्धा खाच दिसते. या पट्ट्यात काम करणाऱ्या सगळ्यांना हे पाठ असतं. मी चुंबकीय क्षेत्र मोजत नव्हतो, डब्यातला गॅस मोजत होतो. आणि काय-स्क्वेअरचं म्हणाल तर तो बिचारा फक्त एवढंच सांगतो की आकार जुळला, आकार कुणाचा हे त्याला कुठं माहिती.

काकांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते म्हणाले, "म्हणजे तारा नाहीच?" म्हटलं तारा आहे काका, लाइन नाही. "मग तारा आहे ना," म्हणाले आणि ग्रुपवरचा मेसेज तसाच ठेवला, अजून आहे.

रिपोर्टात मी क्रॅबचा आलेख परिशिष्टात टाकला होता, लाज वाटत होती म्हणून शेवटी. मॅडमनी तो काढून मेन चॅप्टरमध्ये आणायला लावला. मी त्यांना फणीचं सांगितलं तर म्हणाल्या छान आहे, पण रिपोर्टात लिहू नकोस. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी वीस मिनिटांतली पंधरा त्या एकाच पानावर काढली, पिरियडबद्दल एक अक्षर विचारलं नाही, ज्याच्यासाठी मी दोन महिने झोप मोडली होती. मार्क बरे आले.

व्हायव्हा झाला त्या रात्री जेवून गच्चीवर. साडेआठ झाले असतील, ढग नव्हते. दक्षिणेला विजापूर रोडच्या दिव्यांच्या वर त्रिशंकू आला होता, चार तारे, सोलापुरातून क्षितिजाच्या वर थोडाच येतो. आप्पांना दाखवला. मग त्याच्या उजवीकडे हात लांब करून मुठीपेक्षा जरा कमी अंतर मोजलं आणि म्हटलं, माझा तारा तिथं.

आप्पांनी बराच वेळ बघितलं.

"काही दिसंना की."

"दिसतच नाही आप्पा. मोठा आहे तोसुद्धा साध्या डोळ्यांना दिसत नाही आणि छोट्याचे किरण हवेतून खाली येत नाहीत."

"मग तू काय बघितलास सहा महिने?"

मी मोबाइल काढून पल्सचा आलेख दाखवला, एका फेरीत एक मोठा उंचवटा आणि मागं एक छोटा. त्यांनी तो बोटाने मोठा करून पाहिला, बाजूचे आकडे वाचले, आणि विचारलं की हा छोटा उंचवटा खरा आहे का तुझ्या डब्याचा.

म्हटलं क्रॅबमध्ये बघितलं, नाही येत.

"मग ठीकाय," म्हणाले, आणि अंथरूण झटकायला लागले.